गिअरबॉक्स उघडण्याआधी

ऑटोमॅटिक गाड्यांविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. तिन्ही इंदूरची आहेत आणि तिन्हींचे दुखणे गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या खर्चाचे आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. माझ्याकडे २०१४ सालची, सहा गिअरची ऑटोमॅटिक डिझेल सेडान आहे. आतापर्यंत १,२८,००० किलोमीटर धावली आहे. दिवाळीनंतर नाशिकहून परतताना बिजासन घाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम वाढला, पण गाडी पुढे ओढेना. तेव्हापासून सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग जोरात धक्का बसतो. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेने नवी असेंब्ली टाकावी लागेल असे सांगून ३,४५,००० रुपयांचे एस्टिमेट दिले. एका खासगी कार्यशाळेने ‘गिअरबॉक्स ओव्हरहॉल, कम्प्लीट’ एवढ्या एकाच ओळीसमोर १,४०,००० रुपये लिहून दिले. तिसरे मिस्त्री म्हणतात की व्हॉल्व्ह बॉडी काढून साफ केली की काम होईल, ३८,००० रुपये लागतील. गाडी धडधाकट असती तर ४,००,००० रुपये आले असते, आज आहे तशी २,२५,००० रुपयांना जाईल, असे जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक गृहस्थ सांगतात. एकाच दुखण्याचे तीन आकडे कसे? मी काय करावे? – एक वाचक, राजेंद्र नगर

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते तीन निरनिराळ्या कामांचे आकडे आहेत. अधिकृत कार्यशाळा आपला गिअरबॉक्स उघडणारच नाही. ती तो अख्खा उतरवून त्याच्या जागी नवा बसवील. आत काय बिघडले हे शोधण्याची तिला गरज पडत नाही, आणि न शोधण्याचे पैसेही त्या ३,४५,००० रुपयांत आलेच. खासगी कार्यशाळा गिअरबॉक्स खोलून झिजलेले भाग बदलील. तिसरे मिस्त्री गिअरबॉक्स गाडीतून न उतरवता खालची तेलाची पॅन काढतील आणि तेलाला वाट दाखवणाऱ्या झडपांचा ठोकळा, म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी, तेवढा स्वच्छ करतील. यांपैकी आपल्या गाडीला कोणते काम हवे, हे आपल्या पत्रावरून तरी तिघांपैकी कोणीही तपासलेले दिसत नाही. माझा पहिला आक्षेप आकड्यांवर नसून या न झालेल्या तपासणीवर आहे.

दुखणे कुठे असू शकते, हे समजण्यापुरते आतले काम सांगतो. आपल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये साधी क्लच प्लेट नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे तेलाने भरलेला एक बंद डबा, ज्यात इंजिनाच्या बाजूची पाती तेल ढकलतात आणि त्या तेलाच्या रेट्याने गिअरबॉक्सच्या बाजूची पाती फिरतात. पुढे गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकांचे संच आणि पातळ प्लेटांचे गठ्ठे असतात. पंपाने उत्पन्न केलेला तेलाचा दाब ज्या गठ्ठ्याला आवळतो, त्यावरून गाडी कोणत्या गिअरमध्ये आहे हे ठरते. तेल कमी झाले, रबरी सील कडक झाली, झडप झिजली किंवा पंप ढिला पडला, तर दाब उतरतो. दाब उतरला की प्लेटा घट्ट धरण्याऐवजी एकमेकींवर घसरतात, तापतात, त्यांच्यावरचे कागदासारखे अस्तर जळते, त्या जळालेल्या अस्तराची भुकटी तेलाबरोबर सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपांच्या, बारीक वाटांमध्ये जाऊन बसते आणि दाब आणखी उतरतो. एका सीलपासून सुरू झालेला खर्च लाखाच्या घरात जातो तो या मार्गाने. घाटात तापलेल्या अवस्थेत गाडीने स्लिप मारणे, म्हणजे इंजिन फिरूनही गाडी न ओढणे, हे प्लेटांकडे बोट दाखवते. सकाळी थंड असताना रिव्हर्स उशिरा लागणे हे कडक झालेल्या सीलचे किंवा नुसते तेल कमी असल्याचेही लक्षण असू शकते.

मागच्या वर्षी देवास नाक्याजवळच्या एका कार्यशाळेत असाच एक गिअरबॉक्स उघडताना मी उभा होतो. मिस्त्रींनी त्याच्या प्लेटा जुन्या वर्तमानपत्रावर क्रमाने मांडल्या होत्या. पहिल्या गठ्ठ्यातल्या प्लेटा काथाच्या रंगाच्या होत्या, त्यांच्यावरच्या खाचा स्पष्ट दिसत होत्या आणि नख ओढले तरी ओरखडा उमटत नव्हता. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या काळ्याकुट्ट पडल्या होत्या, नखाने अस्तर पापुद्र्यासारखे सुटत होते, आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या साध्या पोलादी प्लेटांवर निळसर-जांभळे डाग उठले होते, कोरडा तवा फार तापल्यावर उठतात तसे. दातेरी चाके मात्र पुसून ठेवली तर नवी वाटावीत अशी होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये बहुधा असेच होते: पोलाद टिकते, अस्तर आणि रबर जाते. म्हणूनच संपूर्ण असेंब्ली बदलण्याचा सल्ला ऐकताच होकार देऊ नये.

आता तपासणी. ती गिअरबॉक्स न उघडता होते आणि तिचे पैसे वेगळे ठरवून आपण आनंदाने द्यावेत. पहिले तेल पाहावे. आपल्या गाडीला बहुधा गिअरबॉक्सची तेलपट्टी नसेल. अशा गाड्यांत तेलाची पातळी खालच्या बुचातून, इंजिन चालू ठेवून आणि तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, साधारण ४० अंशांच्या आसपास, आले असताना पाहतात. थंड किंवा फार तापलेल्या तेलाची पातळी पाहणारा मिस्त्री आपल्याला चुकीचे सांगणार. नवे तेल सहसा लाल असते. तपकिरी झाले म्हणजे ते जुने झाले. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर प्लेटा गेल्या. नंतर पॅन उतरवावी. तिच्या तळाशी चुंबक असतात, त्यांवर करड्या रंगाचा मऊ लेप बसलेला असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे किंवा कपच्या दिसल्या तर पोलादालाही इजा झाली आहे. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०७०० हा कोड आला म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाला काही सांगायचे आहे एवढेच समजावे. पी०७३० हा गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचा, तर पी०७४१ हा टॉर्क कन्व्हर्टरचे लॉक, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा आतला क्लच, धरत नसल्याचा कोड आहे, आणि ते पुढचे कोड लिहून घ्यावेत. शेवटी गेज लावून तेलाचा दाब मोजून घ्यावा.

तेल लाल आणि पॅन स्वच्छ निघाली, तर ३८,००० रुपयांचे मिस्त्री बरोबर असण्याची चांगली शक्यता आहे. तेल काळे निघाले, तर त्यांनी व्हॉल्व्ह बॉडी कितीही चकचकीत केली तरी जळालेल्या प्लेटांना पुन्हा अस्तर येणार नाही आणि ते ३८,००० रुपये ओव्हरहॉलच्या खर्चात नुसते वाढतील. तेल गुलाबी आणि दुधाळ दिसले, तर मात्र सर्वांना थांबवावे. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी, तेलात मिसळते आणि पाणी लागलेले अस्तर सुटू लागते. अशा वेळी रेडिएटर न बदलता गिअरबॉक्स बांधला, तर नवा बांधलेलाही त्याच वाटेने जाईल. कूलर फुटला नसला तरी त्याच्या नळ्यांत जुनी भुकटी साठलेली असते आणि चालू केल्याबरोबर ती नव्या प्लेटांवर येते. ओव्हरहॉल फसण्याचे मला अनेकदा दिसलेले कारण हेच, आणि एस्टिमेटमध्ये ‘कूलर’ हा शब्द मी फार क्वचित पाहिला आहे.

प्लेटा गेल्या असे ठरले, तर १,४०,००० रुपयांची ती एक ओळ फोडून मागावी. त्यात गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची लेबर किती. सील, गॅस्केट आणि ओरिंग यांचे किट किती. अस्तराच्या आणि पोलादी अशा दोन्ही प्लेटा बदलणार की फक्त अस्तराच्या. फिल्टर आणि सोलेनॉइड आहेत का. तेल कोणत्या प्रतीचे आणि किती लिटर. काम झाल्यावर संगणकाला नव्या प्लेटांची ओळख करून देण्याचे स्कॅनरचे काम धरले आहे का, हे सर्व दिसले पाहिजे. सर्वांत आधी टॉर्क कन्व्हर्टरविषयी विचारावे. तो वेल्ड केलेला डबा असल्यामुळे धुऊन आतली घाण निघत नाही. त्याची खरी दुरुस्ती करायची तर लेथवर कापून, आतले अस्तर बदलून, पुन्हा वेल्ड करून आणि तोल साधून घ्यावा लागतो, आणि ही सोय सगळीकडे नाही. जिथे ती नाही तिथे नवा कन्व्हर्टर घ्यावा लागतो व तो स्वस्त नसतो. १,४०,००० रुपयांत कन्व्हर्टर धरला असेल तर आकडा मला अवाजवी वाटत नाही. धरला नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

सौदा दोन टप्प्यांत करावा. उतरवून उघडण्याचे पैसे आधी ठरवावेत, उघडल्यावर आपण समक्ष जाऊन प्लेटा पाहाव्यात, फोटो घ्यावेत, आणि मगच भागांची यादी व अंतिम आकडा मान्य करावा. आपण नकार दिला तर नुसते उघडण्याचे आणि जुळवून परत देण्याचे किती, हेही लिहून घ्यावे. जो कारागीर न उघडता छातीठोकपणे शेवटचा आकडा सांगतो, तो एकतर सर्वांत वाईट शक्यता धरून सांगतो किंवा नंतर वाढवण्याच्या हिशेबाने. आकडा जीएसटीसह आहे की त्याविना, हे विचारायला विसरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे. ज्या भागांवर पूर्वी २८ टक्के होता, तसा ७०,००० रुपयांचा माल असेल तर ७,००० रुपयांचा फरक पडतो. जुना दर छापलेले एस्टिमेट अजूनही कोणी पुढे करील.

विकण्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. धडधाकट आणि बिघडलेली यांच्या किमतींतला फरक १,७५,००० रुपयांचा आहे. कूलर धरून काम १,६०,००० रुपयांवर गेले, तर दुरुस्त करून विकण्यात १५,००० रुपये हाती लागतील, आणि ‘नुकताच गिअरबॉक्स बांधला आहे’ हे ऐकून घेणारा गिऱ्हाईक किंमत आणखी पाडून मागेल हे वेगळेच. म्हणून विकायचीच असेल तर आहे तशी विकावी. अजून तीन-चार वर्षे वापरायची असेल आणि इंजिन निर्दोष असेल, तर ओव्हरहॉल करावा. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून जुना गिअरबॉक्स आणून बसवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो अपघातग्रस्त गाडीतला असेल, त्याचा भाग क्रमांक आपल्या गाडीच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत असेल आणि त्यात उरलेले तेल आपण स्वतः पाहिले असेल, तर विचार करण्यासारखा आहे. एरवी दुसऱ्याचे दुखणे विकत घेण्यासारखे आहे. तपासणी होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नये, आणि शहरातही जपूनच चालवावी.

प्रश्न : माझी २०१७ ची लहान एएमटी गाडी ६२,००० किलोमीटर धावली आहे. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका देते आणि कधीकधी सिग्नलवर आपोआप न्यूट्रलला येते. माझा रोजचा रस्ता सुदामा नगर ते राजवाडा असा गर्दीचा आहे. गॅरेजवाल्यांनी ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधावा लागेल, ७०,००० लागतील’ असे सांगितले. – एक वाचिका, सुदामा नगर

उत्तर : बाई, आपल्या गाडीत वर वर्णन केलेला गिअरबॉक्स नाहीच. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी कोरडी क्लच प्लेट. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी व हाताऐवजी संगणकाच्या हुकुमावर चालणारा अॅक्च्युएटर करतो. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ही पद्धत आपल्याकडे आणली, आणि ती स्वस्त पडली ती याच कारणाने. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीचे एस्टिमेट आपल्या गाडीला लावणे म्हणजे एकाचा सदरा दुसऱ्याच्या मापाने शिवणे झाले.

आपण सांगितलेल्या लक्षणांत पहिला संशय क्लच प्लेटवर येतो. राजवाड्याच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते तेव्हा एएमटीची प्लेट अर्धी लागलेली राहून घासत असते. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची सवय असेल तर ती आणखी लवकर जाते. ६२,००० किलोमीटर हे अशा रस्त्यावर प्लेटेचे आयुष्य संपण्याजोगे अंतर आहे. त्याआधी बॅटरी तपासून घ्यावी, कारण व्होल्टेज कमी पडले की अॅक्च्युएटर नीट काम करत नाही आणि नेमकी आपण लिहिता तशी लक्षणे दिसू शकतात. अॅक्च्युएटर तेलावर चालणारा असेल तर त्याच्या छोट्या टाकीतले तेल पाहावे. नंतर स्कॅनर लावून क्लचची ओळख, ज्याला गॅरेजवाले ‘क्लच लर्निंग’ म्हणतात, ती पुन्हा करून पाहावी. यांतील पहिल्या तीन गोष्टींना खर्च किरकोळ येतो. त्यांनी भागले नाही तर क्लच सेट बदलावा, आणि बदलल्यावर लर्निंग केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. ते न केल्यामुळे नवी प्लेट टाकूनही झटके तसेच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गिअर टाकताना खरखर आवाज येत नसेल, तर आतली चाके बांधण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : वडिलांच्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स एका गॅरेजने ९६,००० रुपये घेऊन बांधला. अर्धे पैसे यूपीआयने दिले, अर्धे ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ म्हणून रोख दिले. सहा महिन्यांची वॉरंटी तोंडी सांगितली होती. चार महिन्यांतच गाडी पुन्हा स्लिप मारू लागली. आता मालक म्हणतात, ‘तुम्ही घाटात चालवली, आमची जबाबदारी नाही.’ विम्यातून काही मिळेल का? – एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : विम्यातून मिळणार नाही. मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. इंजिन-गिअरबॉक्सचे जादा संरक्षण घेतले असले तरी ते मुख्यतः पाणी शिरणे किंवा आघाताने तेल गळून जाणे अशा प्रसंगांपुरते असते. ‘घाटात चालवली’ हा बचावही मला टिकणारा वाटत नाही. इंदूरहून मुंबई-नाशिककडे जायचे तर मानपूरपुढचा उतार आणि बिजासन घाट लागतातच, आणि घाटात चालणार नाही असा गिअरबॉक्स बांधला असेल तर तो बांधलाच नाही.

रोख पैशांमुळे आपली बाजू दुबळी झाली आहे, पण संपलेली नाही. यूपीआयची नोंद, गॅरेजशी झालेले व्हॉट्सॲपवरचे बोलणे, गाडी सोडताना व घेताना काढलेले फोटो, फोनवर आलेले आकडे हे सर्व एकत्र करावे. मालकांना लेखी पत्र देऊन, काय बिघडले आहे, किती दिवसांत दुरुस्त करून हवे आहे हे कळवावे आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे त्या टप्प्यावरच मिटतात. तेथेही भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली इंदूरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. कामासाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील सक्तीचा नाही.

आयोगापुढे खरा प्रश्न एकच येईल : बांधणीत दोष होता, हे कशावरून? म्हणून गाडी घाईने दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडू नये. एकदा उघडली की ‘त्यांनीच बिघडवली’ असे म्हणायला पहिले गॅरेज मोकळे होते. आधी स्वतंत्र सर्व्हेयरला, म्हणजे गाडीची पाहणी करून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला, गाडी दाखवून तेलाचा नमुना, स्कॅनरचे कोड आणि लेखी अहवाल घ्यावा, पहिल्या गॅरेजला उघडण्याची तारीख कळवून हजर राहण्यास बोलवावे, आणि त्या दिवशी प्रत्येक भागाचा फोटो घ्यावा. जुन्याच प्लेटा परत बसवल्या होत्या की नव्या, हे त्या दिवशी उघड होईल. उघडल्यावर निघालेल्या प्लेटा, सील आणि फिल्टर गॅरेजच्या भंगारात जाऊ देऊ नका. तेलकट असल्या तरी पोत्यात भरून, वर तारीख लिहून, प्रकरण मिटेपर्यंत घरीच ठेवा.